तैलचित्र लागले, जमीन राहून गेली : दादासाहेब गायकवाडांचे आयुष्य आणि आजचे राजकारण

निवडणूक जवळ आली की आपल्या वस्त्यांमध्ये एकच चर्चा रंगते. कोणता गट कोणाबरोबर गेला, कोणाला किती जागा सुटल्या, कोणाचे तिकीट ऐनवेळी कापले. रिपब्लिकन नावाचा एक गट भाजपसोबत केंद्रात मंत्रिपद भूषवतो, दुसरा शिंदे यांच्या शिवसेनेला पाठिंबा देतो, काही जण काँग्रेसच्या दारात उभे असतात, आणि वंचित बहुजन आघाडी कोणाची मते खाणार याची गणिते तर सगळेच मांडतात. २०२४ च्या लोकसभेत संविधानाच्या प्रश्नावर आपला समाज मोठ्या संख्येने बाहेर पडला आणि महाविकास आघाडीला राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीने २८८ पैकी २३० हून अधिक जागा जिंकल्या. दोन्ही निकालांवर भरपूर बोलले गेले. मात्र गावकुसाबाहेरच्या भूमिहीन माणसाला यातून काय मिळाले, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही.

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर विचारला तो माणूस आपल्या चळवळीत होता. कर्मवीर दादासाहेब गायकवाड. त्यांचे नाव आज सरकारी योजनेला आहे, रस्त्यांना आहे, सभागृहांना आहे. त्यांनी काय मागितले होते आणि त्यातले काय मिळाले, हे आजच्या तरुण कार्यकर्त्यांना सांगणारे फार कमी लोक उरले आहेत. म्हणून हा लेख.

आंबे गावचा भाऊराव

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. त्या काळातल्या महार कुटुंबाचे जगणे वतनाभोवती फिरत असे. गावची आणि सरकारची पडेल ती कामे करायची, सांगावा पोहोचवायचा, मेलेली जनावरे ओढायची, आणि त्या बदल्यात जमिनीचा लहानसा तुकडा व घरोघर मागून आणलेले बलुते. जमीन होती, पण ती गुलामीच्या अटीवर होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले ते याच कारणाने. भाऊरावांनी पुढे नाशिक जिल्ह्यात या प्रश्नावर गावोगाव फिरून माणसे जागी केली. जमीन आणि स्वाभिमान हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, ही त्यांची समज पुस्तकातून आलेली नव्हती. ती गावातून आलेली होती.

महाराष्ट्राला त्यांचे नाव कळले ते काळाराम मंदिर सत्याग्रहामुळे. २ मार्च १९३० रोजी नाशिकमध्ये हजारोंची मिरवणूक निघाली आणि दुसऱ्या दिवसापासून मंदिराच्या दारांसमोर स्त्री-पुरुषांच्या तुकड्या बसू लागल्या. सत्याग्रह समितीचे चिटणीस होते भाऊराव गायकवाड. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथावरून दगडफेक झाली, माणसे रक्तबंबाळ झाली. पण सत्याग्रह एका दिवसाचा नव्हता, तो पुढे काही वर्षे चालला. या काळात बाबासाहेबांना गोलमेज परिषदेसाठी लंडनला जावे लागले. नाशिकची आघाडी सांभाळली भाऊरावांनी. तुकड्या उभ्या करणे, बाहेरगावाहून आलेल्यांच्या जेवणाची सोय, तुरुंगात गेलेल्यांच्या घरांची विचारपूस, गावात बहिष्कार पडलेल्या कुटुंबांना धीर देणे, आणि मुंबईला सगळी खबर कळवत राहणे. चिटणीसपद म्हणजे लेटरहेडवरचे नाव नव्हते.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊरावांना पत्र लिहून हा सत्याग्रह आता थांबवावा असे कळवले. देवळात गेल्याने आपले लोक सुधारतील म्हणून हा लढा सुरू केला नव्हता, तर त्यांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून केला होता, आणि ते काम झाले आहे, असा त्या पत्राचा आशय होता. यापुढे शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असे त्यांचे मत झाले होते. चार वर्षे ज्याने एका लढ्यात जीव ओतला, त्याला तो लढा सोडायला सांगणे सोपे नसते. भाऊरावांनी ते ऐकले. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्याला परिषद भरली आणि बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. त्या परिषदेच्या उभारणीतही दादासाहेब पुढे होते.

कायदेमंडळात गेले, गाव सोडले नाही

१९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून गेले. या पक्षाने खोती पद्धतीविरुद्ध आवाज उठवला आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर नेला. त्या मोर्चात कोकणातले कुणबी आणि महार एकत्र चालले होते. आज बहुजन ऐक्याची भाषा करणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे. ते ऐक्य जाहीरनाम्यातून आलेले नव्हते. जमीन कसणाऱ्यांच्या समान दुःखातून आले होते.

१९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झाले, दादासाहेब तिथेही आघाडीवर राहिले. १९५६ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी आग्र्याच्या सभेत खेड्यातल्या भूमिहीन माणसांविषयीची आपली खंत बोलून दाखवली. शिकलेल्यांना नोकऱ्या मिळाल्या, पण गावातला शेतमजूर आहे तिथेच राहिला, हे त्यांना सलत होते. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ती खंत ज्यांनी वारसा म्हणून उचलली त्यांत दादासाहेब पहिले होते, असे आम्हाला वाटते.

१९५७ च्या निवडणुकीत फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांच्या संकल्पनेतला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. एन. शिवराज पहिले अध्यक्ष झाले. पक्ष जन्मला तेव्हा त्याच्याकडे लोकसभेत खासदार होते, विधानसभेत आमदार होते, आणि नुकताच धम्म स्वीकारलेला, कशालाही न घाबरणारा समाज होता.

पहिली फूट कशावरून पडली

दोन वर्षांत पक्ष फुटला. बी. सी. कांबळे यांच्या बाजूच्या लोकांनी स्वतःला दुरुस्त म्हणवले, मग दादासाहेबांचा गट आपोआप नादुरुस्त ठरला. या फुटीत व्यक्तींचे अहंकार होतेच. पण तिच्या मुळाशी एक खरा वाद होता. पक्षाने कायदा, घटना आणि संसदीय मार्ग यांवर भर द्यावा की भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरावे? कम्युनिस्टांबरोबर एका मंचावर बसणे बाबासाहेबांच्या विचारात बसते का? शिकलेल्या, कोटपँट घालणाऱ्या तरुण नेतृत्वाला धोतर नेसणाऱ्या, खेड्यातल्या माणसांशी त्यांच्याच बोलीत बोलणाऱ्या दादासाहेबांचे राजकारण जुन्या वळणाचे वाटत होते.

आजही आपल्याकडे हा वाद संपलेला नाही. शहरातला शिकलेला बौद्ध तरुण आरक्षण, पदोन्नती, शिष्यवृत्ती, विद्यापीठातला भेदभाव यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार राज्यात बौद्धांची संख्या ६५ लाखांहून अधिक आहे आणि त्यांतला मोठा भाग अजून खेड्यात राहतो. त्या माणसाचा अजेंडा कोण ठरवतो? दादासाहेबांचे उत्तर होते की तो त्यानेच ठरवावा, आणि पक्षाने त्याच्या मागे उभे राहावे.

जमिनीचे दोन सत्याग्रह

मराठवाड्यात १९५३ मध्येच फेडरेशनने पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केला होता. १९५९ मध्ये दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, मराठवाडा या भागांत भूमिहीनांचा मोठा सत्याग्रह झाला. मागणी सरळ होती. सरकारच्या ताब्यात पडून असलेली जमीन, गायरान आणि जंगलखात्याची पडीक जमीन भूमिहीनांना कसायला द्या. लोक नांगर घेऊन जमिनीवर जात, पोलीस पकडून नेत, दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी जाई.

त्याहून मोठा लढा १९६४ चा. त्या वर्षी १ ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्षाने दिल्लीत मोर्चा काढून पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांचे निवेदन दिले. उत्तर समाधानकारक मिळाले नाही तेव्हा ६ डिसेंबर, म्हणजे महापरिनिर्वाण दिनापासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. महाराष्ट्राबरोबर उत्तर प्रदेश, पंजाब आणि इतर राज्यांतही लोक तुरुंगात गेले. चळवळीत हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपास सांगितला जातो. दादासाहेबांच्या सहकारी शांताबाई दाणी यांच्यासारख्या स्त्रिया पुढे होत्या, आणि मजुरी बुडवून, लेकरे कडेवर घेऊन खेड्यातल्या बायाही तुरुंगात गेल्या. १९६५ च्या सुरुवातीला सरकारने मागण्यांचा विचार करण्याचे मान्य केले आणि सत्याग्रह मागे घेतला गेला.

त्या निवेदनातल्या मागण्या आज वाचल्या की थक्क व्हायला होते. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे. कसणाऱ्याला जमीन द्यावी. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्यावी. धान्याचे वाटप नीट व्हावे आणि महागाईला आळा घालावा. झोपडपट्टीतल्या लोकांची स्थिती सुधारावी. १९४८ चा किमान वेतन कायदा पूर्ण अमलात आणावा. बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या सवलती द्याव्यात. अस्पृश्यताविरोधी कायद्याची कडक अंमलबजावणी करावी. नोकऱ्यांतल्या राखीव जागा भराव्यात. या यादीत बौद्धांसाठीच्या मागण्या आहेत, तशाच कोणत्याही जातीच्या गरिबाला आपल्या वाटाव्यात अशाही आहेत.

आता हिशेब मांडू. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र एप्रिल १९९० मध्ये लागले. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही १९९० मध्येच मिळाल्या, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात. म्हणजे या दोन मागण्या पूर्ण व्हायला पाव शतक लागले, पण त्या झाल्या. अस्पृश्यताविरोधी कायदा बदलला, १९८९ मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा आला, त्याच्या अंमलबजावणीसाठी आजही भांडावे लागते. किमान वेतन शेतमजुराच्या हातात पडते का, हे गावात जाऊन विचारावे. आणि जमीन? देशातली अनुसूचित जातींची लोकसंख्या सोळा टक्क्यांहून अधिक आहे. त्यांच्याकडे वहितीखालच्या जमिनीचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे.

राज्यकर्त्यांना तैलचित्र लावता येते, पुतळा उभारता येतो, स्मारकाचे भूमिपूजन करता येते. यांतून गावातल्या सत्तेची मांडणी बदलत नाही. जमीन दिली की ती बदलते. म्हणून पहिले मिळते आणि दुसरे लांबते. प्रतीके आपण लढून मिळवली आहेत, त्यांना आम्ही कमी लेखत नाही. पण दादासाहेबांच्या यादीत प्रतीक आणि पोट एकाच कागदावर होते. आपण तो कागद फाडून अर्धाच जवळ ठेवला.

१९६७ ची युती

दादासाहेबांचे आयुष्य इथेच थांबवून जयजयकार केला तर तो खोटा ठरेल. १९६२ ते १९६८ या काळात ते राज्यसभेवर होते. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने राज्यापुरत्या काही सवलती बौद्धांना दिल्या होत्या, त्यामुळे चव्हाणांविषयी समाजात सदिच्छा होती. दुसरीकडे पक्ष फुटून दुबळा झाला होता, हातात सत्ता नव्हती, आणि तुरुंगात जाऊन आलेल्या कार्यकर्त्यांना काहीतरी पदरात पडावे अशी अपेक्षा होती. १९६७ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत दादासाहेबांनी काँग्रेसशी युती केली.

त्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत आपला माणूस बसला तर गावातली कामे होतील, हा विचार चुकीचा कसा म्हणावा? पण परिणाम समोर आहेत. काँग्रेसच्या गावपातळीवरच्या सत्तेचा कणा मोठे जमीनदार शेतकरी आणि सहकारातले पुढारी होते. ज्यांच्याकडून जमीन मागायची त्यांच्याच पंक्तीला बसल्यावर जमिनीचा आवाज बारीक झाला. पदे थोडी होती आणि इच्छुक पुष्कळ होते, म्हणून गट वाढले. काही नेते थेट काँग्रेसमध्ये गेले. १९७० च्या सुमारास बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आणि दादासाहेब यांचेही मार्ग वेगळे झाले. १९६८ मध्ये सरकारने दादासाहेबांना पद्मश्री दिली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर काही महिन्यांतच मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली. तिच्या संतापात खेड्यातल्या अत्याचारांबरोबर रिपब्लिकन नेत्यांच्या तडजोडींवरचाही राग होता.

१९९८ मध्ये एकदा वाटले की चक्र फिरले. गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले हे चौघे खुल्या मतदारसंघांतून लोकसभेत पोहोचले. ते ऐक्य टिकले नाही. कारण ते जागांवर झाले होते, कार्यक्रमावर झाले नव्हते. दुरुस्त-नादुरुस्तच्या भांडणात निदान जमिनीचा मुद्दा तरी होता. आजच्या गटांमध्ये वाद कोणत्या मुद्द्यावर आहे, हे कोणी सांगू शकेल का?

दादासाहेबांच्या नावाने

२००४ पासून राज्यात कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन, तीही आता शंभर टक्के अनुदानावर. कागदावर सुंदर. पण ही जमीन समाजकल्याण विभागाने खासगी मालकाकडून विकत घ्यायची आहे. सरकारी दरात जमीन विकायला मालक तयार होत नाहीत आणि अर्ज पडून राहतात. दादासाहेबांनी सरकारजवळची पडीक जमीन मागितली होती. त्यांच्या नावाची योजना ती सोडून बाजारात जमीन शोधते.

आणि सरकारी जमिनीचे काय चालले आहे? गायरान कसणाऱ्या भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. मराठवाड्यात एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानासारख्या संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. तरी असंख्य कुटुंबांच्या नावावर सातबारा झालेला नाही. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरची अतिक्रमणे काढण्याच्या नोटिसा निघाल्या तेव्हा यांच्या पोटात गोळा आला. सार्वजनिक जमिनी वाचवण्याविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासन निर्णयानुसार दिलेल्या जमिनींसाठी अपवादाची जागा ठेवलेली आहे. नोटीस देणारे ते सांगत नाहीत. त्याच वेळी सौर कृषी वाहिनी योजनेच्या प्रकल्पांसाठी गायराने दिली जात आहेत. गरिबाने कसली तर अतिक्रमण, प्रकल्पाला दिली तर विकास. वतनाच्या जमिनींचेही तेच. पुण्याजवळच्या मुंढव्यातील महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा शहरातल्या अनेक तरुणांना वतन म्हणजे काय हे पहिल्यांदा कळले.

कार्यकर्त्यांसाठी काम

आम्ही कोणत्या पक्षाला मत द्या हे सांगणार नाही. पण मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला, निळ्या झेंड्याखालून आलेल्यालाही, तीन प्रश्न विचारा. १९९१ च्या शासन निर्णयानुसार पात्र असलेल्या गायरानधारकांच्या नावावर जमीन कधी होणार? दादासाहेबांच्या नावाच्या योजनेत सरकारी जमीन का वापरली जात नाही? प्रकल्पाला गायरान देताना आधी तिथे कसणाऱ्याचा विचार झाला का?

दुसरे काम गावात आहे. गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. कसणाऱ्याचे नाव त्यात कोणत्या वर्षापासून आहे हे पाहा, तिची प्रमाणित नक्कल काढून ठेवा. दंडाच्या जुन्या पावत्या, पीक पाहणी, शेजाऱ्यांचे जबाब, जुन्या खटल्यांचे कागद गोळा करा. यातले बरेच कागद म्हाताऱ्यांच्या पेटीत आहेत आणि म्हातारे आपल्यातून जात आहेत. वाचता-लिहिता येणाऱ्या मुलामुलींनी एका गावाची अशी एक फाइल केली, तरी ते भाषणापेक्षा मोठे काम होईल.

दादासाहेबांची मोठी ताकद ही होती की लाखो माणसे त्यांच्या शब्दावर तुरुंगात गेली. ती गेली, कारण मागणी त्यांच्या भाकरीची होती आणि मागणारा त्यांच्यातला होता. युतीच्या जागा मोजण्यात ही ताकद खर्ची पडली. ती पुन्हा उभी करायची असेल तर सुरुवात १९६४ च्या त्या निवेदनापासून करावी लागेल. त्यातल्या मागण्यांवर सही करणारा नेता मग कोणत्याही गटाचा असो, तो आपला.

जय भीम.